ग्रंथालयाचे अनुदान कोणी मागायचे?

सार्वजनिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा भारतातील पहिला मान कोल्हापूर संस्थानाकडे जातो. गादीवरील छत्रपती अल्पवयीन असल्याने कारभार रीजन्सीच्या हाती असताना, १९४५ साली हा कायदा झाला. मद्रास प्रांताचा बहुचर्चित कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये आला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ज्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, त्याच संस्थानात पुढे ग्रंथालयाचा कायदा व्हावा यात एक सुसंगती आहे, कारण प्रजेला साक्षर करण्याची जबाबदारी राज्याने स्वीकारली की साक्षर झालेल्या माणसाच्या हाती पुस्तक पोहोचवण्याची जबाबदारीही ओघानेच त्याच्याकडे येते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. आज या जिल्ह्यातील ग्रंथालयांना लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ हा असून तो १ मे १९६८ पासून अमलात आहे. म्हणजे ग्रंथालय कायद्याशी कोल्हापूरच्या वाचकाची ओळख पाऊणशे वर्षांहून जुनी आहे. असे असूनही गावोगावच्या ग्रंथालयांची दारे दिवसातून काही तासच उघडतात, ग्रंथपालाच्या मानधनावर कुटुंब चालत नाही आणि नव्या पुस्तकांच्या खरेदीला दरवर्षी कात्री लागते. याचे कारण असे की कायदा ग्रंथालयाला मान्यता देतो, यंत्रणा देतो आणि अनुदान मागण्याचा आधार देतो, पण अनुदान किती असावे हे ठरवण्याचे काम त्याने दर वर्षीच्या राजकीय निर्णयावर सोडले आहे. तो निर्णय लोकप्रतिनिधी घेतात आणि लोकप्रतिनिधी त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या मागण्यांचा विचार करतात. म्हणून ग्रंथालयाची मागणी कोणी, कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या आधारावर करायची, हा ग्रंथालयप्रेमी नागरिकाने शिकून घेण्याचाच विषय आहे.

मागणीतून उभे राहिलेले कायदे

कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर ही संस्था १८५० साली ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने सुरू झाली. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा संमत केला. त्या कायद्यामागे दोन माणसांचे श्रम होते. विल्यम एवर्ट हे संसद सदस्य होते, तर एडवर्ड एडवर्ड्‌स हे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काम करणारे, गवंड्याच्या घरात जन्मलेले गृहस्थ होते. एडवर्ड्‌स यांनी युरोपातील ग्रंथालयांची तुलनात्मक माहिती जमवली, एवर्ट यांनी त्या माहितीच्या बळावर १८४९ मध्ये संसदेची चौकशी समिती नेमून घेतली आणि समितीच्या अहवालातून विधेयक तयार झाले. संमत झालेला कायदा मात्र तोकडा होता. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या नगरांना, तेही करदात्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने, पौंडामागे अर्धा पेनी एवढाच कर बसवता येत होता आणि त्या पैशातून इमारत व नोकरवर्ग यांचा खर्च भागवता येत असला तरी पुस्तके घेता येत नव्हती. पुढे १८५५ मध्ये कराची मर्यादा एक पेनीपर्यंत वाढली आणि पुस्तकखरेदीला परवानगी मिळाली. या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत: पहिली, विषयाचा जाणकार आणि सभागृहातील प्रतिनिधी यांची जोडी जमल्याशिवाय मागणीचे कायद्यात रूपांतर होत नाही; आणि दुसरी, पहिल्या यशाने काम संपत नाही, कारण अपुरा कायदा पुरेसा करण्यासाठी पुन्हा मागणी करावीच लागते.

भारतात या मागणीची दोन रूपे दिसतात. बडोद्यात सयाजीराव गायकवाड महाराजांनी स्वतःच पुढाकार घेतला. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून त्यांनी संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले, आणि गावाने जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी अशी पद्धत पाडली. तेथे राजाची इच्छा पुरेशी होती. मद्रासमध्ये मात्र राजा नव्हता, कायदेमंडळ होते, आणि तेथे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांना वेगळी वाट चालावी लागली. मद्रास ग्रंथालय संघ १९२८ मध्ये स्थापन झाला, रंगनाथन यांनी १९३० मध्ये बनारसच्या आशियाई शिक्षण परिषदेत आदर्श ग्रंथालय विधेयकाचा मसुदा मांडला आणि प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४८ मध्ये, अविनाशिलिंगम चेट्टियार हे शिक्षणमंत्री असताना. वीस वर्षे एकच मागणी लावून धरणारी संघटना, हाती तयार मसुदा आणि शेवटी अनुकूल मंत्री, असा तो क्रम होता.

मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील ग्रंथालयापर्यंतची उतरंड सुचवली, तरी स्वातंत्र्यापर्यंत तिच्या शिफारशी बव्हंशी कागदावरच राहिल्या. त्या समितीपासून महाराष्ट्राचा कायदा होईपर्यंत जवळजवळ तीन दशके गेली, आणि या काळात ग्रंथालय संघांनी परिषदा, ठराव व निवेदने यांच्या मार्गाने हा विषय जागता ठेवला.

महाराष्ट्रात पैसा कसा येतो

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, म्हणजे ज्या विषयांवर कायदा करण्याचा अधिकार राज्यांना आहे त्यांच्या यादीत, बाराव्या क्रमांकावर राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालये येतात. म्हणून ग्रंथालयाच्या नियमित अनुदानाचा प्रश्न मुख्यतः मुंबईतील विधिमंडळात सुटतो. केंद्राकडून येणारी मदत पूरक स्वरूपाची आहे. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तके, इमारत व साधनसामग्री यांसाठी साहाय्य करते, पण ग्रंथपालाचा महिन्याचा पगार त्यातून होत नाही.

दक्षिणेकडील काही राज्यांनी ग्रंथालय उपकर बसवला आहे. उपकर म्हणजे ठरावीक कामासाठी मूळ करावर आकारलेली जादा रक्कम. कोल्हापूरला लागून असलेल्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानुसार मालमत्ता करासारख्या स्थानिक करांना जोडून असा उपकर घेतला जातो, त्यामुळे तेथे कराचे उत्पन्न वाढले की ग्रंथालयांचा वाटाही आपोआप वाढतो. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधीची तरतूद असून राज्य सरकारने त्यात वर्षाला किमान २५ लाख रुपये घालावेत असे १९६७ मध्ये ठरले. राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या घरात गेल्यावर ही किमान रक्कम नाममात्र ठरली, आणि तिच्या वर जे काही मिळते ते सर्वस्वी अर्थसंकल्पावर अवलंबून राहिले.

महाराष्ट्रातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नाहीत. ती नोंदणीकृत संस्थांनी चालवलेली, सरकारचे अनुदान घेणारी ग्रंथालये आहेत. १९७० च्या नियमांनुसार त्यांची ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ अशा वर्गांत विभागणी होते आणि ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके व कामाचे तास यांवरून वर्ग ठरतो. जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय आणि इतर ग्रंथालय अशी दुसरी विभागणी असते. या दोहोंवरून वार्षिक परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालते ठेवण्यासाठीचे अनुदान, निश्चित होते आणि ते हप्त्यांनी मिळते.

२०१२ मध्ये या अनुदानात वाढ झाली तेव्हा ‘अ’ वर्गाच्या जिल्हा ग्रंथालयाला वर्षाला ७,२०,००० रुपये आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला ३०,००० रुपये असे दर झाले. त्यानंतर दहा वर्षे दर हलले नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली, त्यामुळे हेच आकडे अनुक्रमे ११,५२,००० आणि ४८,००० रुपयांवर गेले. वाढ स्वागतार्ह होतीच, पण तिचे मोल महागाईच्या संदर्भात पाहिले पाहिजे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढला जाणारा ग्राहक किंमत निर्देशांक २०२२ च्या अखेरीस १७५ च्या आसपास होता, म्हणजे २०१२ मध्ये १०० रुपयांत होणाऱ्या खरेदीला दहा वर्षांनी सुमारे १७५ रुपये लागत होते, आणि त्याच १०० रुपयांच्या अनुदानाचे मात्र १६० रुपये झाले. याचा अर्थ असा की मोठी म्हणून गौरवलेली वाढही ग्रंथालयांना २०१२ च्या जागेवर पूर्णपणे परत नेऊ शकली नाही. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाच्या ४८,००० रुपयांची महिन्यावर वाटणी केली तर ४,००० रुपये येत होते, आणि त्यातच सेवकाचे मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज व जागेची देखभाल बसवावी लागत होती.

सभागृहातील साधने

मागणी घेऊन आमदाराकडे जाणाऱ्याला आमदाराच्या अधिकाराची मर्यादा ठाऊक असली पाहिजे. घटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाची कोणतीही मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहापुढे येत नाही, म्हणजे व्यवहारात खर्चाचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार सरकारचाच असतो. सभागृह त्या मागणीला संमती देऊ शकते, नाकारू शकते किंवा ती कमी करू शकते. ती वाढवण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून ‘आमच्या ग्रंथालयांचे अनुदान वाढवून द्या’ असे आमदाराला सांगून थांबणे पुरेसे होत नाही. सरकारवर दबाव आणण्याची जी साधने आमदाराच्या हाती आहेत, त्यांपैकी कोणते साधन केव्हा वापरावे हे त्याच्यापुढे स्पष्ट मांडावे लागते.

तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. अनुदानाचा हप्ता किती ग्रंथालयांना वेळेवर मिळाला, जिल्ह्यात किती पदे रिक्त आहेत, असा आकडेवारीचा प्रश्न लेखी उत्तरासाठी योग्य, कारण ते उत्तर पुढे पुरावा म्हणून वापरता येते. लक्षवेधी सूचना तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधते आणि तिच्यावर मंत्र्याला निवेदन करावे लागते. कपात सूचना म्हणजे बहुधा एखाद्या विभागाच्या मागणीतून नाममात्र रक्कम कमी करावी असा प्रस्ताव. तिचा हेतू पैसे कमी करणे हा नसतो, तर त्या विभागाच्या कारभारावर चर्चा घडवून आणणे हा असतो. ग्रंथालयांचा विषय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे असल्याने त्या विभागाच्या मागण्या चर्चेला येतात तो दिवस ग्रंथालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो.

वेळेचे गणितही समजून घेतले पाहिजे. राज्याचा अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो, पण त्यातले आकडे विभागांकडून आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर जमू लागतात. मार्चमध्ये निवेदन देणारा कार्यकर्ता छापून झालेल्या पुस्तकात दुरुस्ती सुचवणाऱ्यासारखा उशिरा पोहोचतो. ग्रंथालय संचालनालयाकडून विभागाकडे प्रस्ताव जाण्याआधी, म्हणजे गणेशोत्सव ते दिवाळी या काळात, जिल्हा ग्रंथालय अधिकारी, संचालनालय आणि मंत्री यांच्यापर्यंत मागणी गेलेली असावी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ती प्रश्नांच्या व लक्षवेधीच्या रूपाने उपस्थित व्हावी. आणि अर्थसंकल्पीय अधिवेशनात तिचा पाठपुरावा व्हावा. वर्षाच्या मध्ये वाढीव रक्कम हवी असेल तर पुरवणी मागण्यांचा, म्हणजे मंजूर अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चासाठी सरकार नंतर मांडत असलेल्या मागण्यांचा, मार्ग असतो. निवडणुकीची आदर्श आचारसंहिता लागू झाली की नवे निर्णय थांबतात, हेही नियोजनात धरावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेवर दहा आमदार निवडून जातात. त्यांच्याखेरीज विधान परिषदेत या जिल्ह्याचा आवाज तीन मार्गांनी पोहोचतो: पुणे विभाग पदवीधर मतदारसंघ, पुणे विभाग शिक्षक मतदारसंघ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ. यांपैकी पदवीधर मतदारसंघ ग्रंथालयांना सर्वांत जवळचा आहे, कारण ग्रंथालयाच्या सभासदांत पदवीधरांचे प्रमाण साहजिकच मोठे असते. या मतदारसंघाची मतदार यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते आणि नाव आपोआप लागत नाही. अर्ज करावा लागतो. ग्रंथालयाने आपल्या पदवीधर सभासदांना कोणाला मत द्यावे हे न सांगता केवळ नोंदणीसाठी साहाय्य केले, तरी ग्रंथालयांच्या प्रश्नावर बोलणारा एक जागरूक मतदारवर्ग तयार होऊ शकतो.

निवेदनात काय असावे

अनेक निवेदने निष्फळ ठरतात ती त्यांत मागण्या फार आणि माहिती थोडी असते म्हणून. वेतनश्रेणी, दर्जाबदल, इमारत, संगणक, पुस्तकखरेदी आणि थकीत हप्ता हे सारे एका कागदावर आले की वाचणारा त्यांतले सर्वांत सोपे निवडतो किंवा काहीच निवडत नाही. एका वेळी एक मागणी, तिचा अपेक्षित खर्च आणि ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे आहे याचा स्पष्ट उल्लेख, एवढे एका पानात मावले पाहिजे. ग्रंथपालांची वेतनश्रेणी हा राज्याच्या धोरणाचा प्रश्न आहे. एका गावच्या ग्रंथालयाची गळकी इमारत हा आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून किंवा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीतून सुटू शकणारा प्रश्न आहे. रस्त्यावरचा दिवा किंवा पाण्याची जोडणी हा ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा प्रश्न आहे. ज्याच्या अधिकारात जे नाही ते त्याच्याकडे मागितल्याने दोघांचाही वेळ जातो.

माहिती खरी आणि तपासता येण्याजोगी असावी. ब्रिटनमधील एडवर्ड्‌स यांच्या काही आकड्यांवर त्यांच्या काळातच टीका झाली होती, आणि आकडा चुकला की विरोधकाला मूळ मागणी टाळण्याची सबब मिळते. ग्रंथालयाकडे अशी माहिती असतेच: देवघेवीची नोंदवही, रोजची वाचकसंख्या, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारी मुले, बालविभागातील सभासद, मागणी असूनही घेता न आलेली पुस्तके. सरकारी बाजूची माहिती, उदाहरणार्थ हप्ता कधी मंजूर झाला आणि कधी वितरित झाला, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येते. मतदारसंघातील सर्व ग्रंथालयांची अशी माहिती तालुकावार एकत्र केली, तर आमदाराला ती सभागृहात जशीच्या तशी वापरता येते.

मागणी करणाऱ्याने स्वतःच्या घराची व्यवस्थाही चोख ठेवली पाहिजे. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा केवळ कागदावर चालणाऱ्या ग्रंथालयांचा प्रश्न पुढे आला आणि त्याचा फटका प्रामाणिकपणे चालणाऱ्या संस्थांनाही बसला. नव्या मान्यता व दर्जाबदल यांवर दीर्घकाळ निर्बंध आले. ज्या ग्रंथालयाचा जमाखर्च सूचनाफलकावर लागतो, ज्याच्या वार्षिक सभेला सभासद खरोखर येतात आणि जे ठरलेल्या वेळी उघडते, त्याच्या मागणीला कोणताही अधिकारी सहज बाजूला सारू शकत नाही. त्याचप्रमाणे ग्रंथालयाने पक्षीय राजकारणापासून अंतर राखावे, सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना एकच निवेदन द्यावे आणि कोणी प्रश्न मांडला, कोणी तो सोडवला याची नोंद वाचकांपुढे प्रामाणिकपणे ठेवावी.

वाचकाने पुढे येण्याची गरज

महाराष्ट्रात अनुदानवाढीची मागणी आजवर प्रामुख्याने ग्रंथालय कर्मचारी आणि संस्थांचे पदाधिकारी यांनी केली आहे. मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरला अधिवेशनाच्या काळात मोर्चे व धरणे झाली, निवेदने गेली, समित्या बसल्या. वेतनाच्या प्रश्नावर त्यांपैकी व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचा उल्लेख आजही अनेक निवेदनांत होतो. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या माणसांनी हा लढा चालवला, याबद्दल वाचकांनी त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तरीही या पद्धतीत एक उणीव राहते. मागणी केवळ कर्मचाऱ्यांकडून आली की सरकार तिला वेतनाचा प्रश्न समजते, आणि वेतनाच्या प्रश्नावर वित्त विभागाचे उत्तर ठरलेले असते. ज्या दिवशी शेतकरी, गृहिणी, निवृत्त शिक्षक आणि परीक्षेची तयारी करणारी मुले तीच मागणी घेऊन जातात, त्या दिवशी तिचा अर्थ बदलतो.

कोल्हापूरला याचे ताजे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे ही मागणी सुमारे चार दशके चालली. ती सुरुवातीला वकिलांची होती, परंतु कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकार, लोकप्रतिनिधी, संस्था आणि नागरिक तिच्यामागे उभे राहिले, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे, कामकाज सुरू झाले. एका व्यवसायाची मागणी साऱ्या प्रदेशाची मागणी झाली की सरकारे बदलली तरी ती पुसली जात नाही, हे या भूमीने अनुभवले आहे. ग्रंथालयांच्या मागणीला अजून तेवढा व्यापक आधार मिळालेला नाही, आणि तो मिळवून देणे वाचकांच्याच हाती आहे.

तो आधार उभा राहिला तर त्याने सर्वप्रथम दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, परिरक्षण अनुदानाचा दर दर वर्षी महागाईच्या निर्देशांकाशी जोडला जावा, म्हणजे दहा-दहा वर्षे वाट पाहून मिळालेली वाढ आधीच झालेल्या झिजेची अर्धवट भरपाई ठरणार नाही. दुसरी, १९६७ च्या कायद्यातील २५ लाखांच्या किमान रकमेऐवजी ग्रंथालयांची संख्या व लोकसंख्या यांच्याशी निगडित अशी किमान तरतूद कायद्यात घातली जावी. पहिली मागणी शासन निर्णयाने पूर्ण होऊ शकते, दुसरीला विधिमंडळात दुरुस्ती विधेयक लागेल. पहिलीसाठी काही अधिवेशने पुरतील, दुसरीसाठी मद्रासप्रमाणे वर्षानुवर्षे काम करावे लागेल. देशातला पहिला ग्रंथालय कायदा जिथे झाला त्या जिल्ह्यातील दहाही आमदारांच्या हाती ही दोन कलमे वाचकांच्या सह्यांनिशी पडली, तर १९४५ मध्ये मान्य झालेल्या तत्त्वाला लागणारा पैसा मिळण्याची वाट प्रत्यक्षात सुरू होईल.